सिकलसेल : दोष एकट्या आईचा नाही



या महिन्याच्या बैठकीत वाचायचा विषय आहे सिकलसेल. विदर्भात आणि नंदुरबार भागात हा आजार बराच आढळतो.

आजार काय आहे?
रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि मऊ असतात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकड्या आणि कडक होतात. बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, मग हातपाय, सांधे, पोट खूप दुखतं. या पेशी लवकर फुटतात, म्हणून रक्तही कमी होतं.

कशामुळे होतो?
१९१० साली शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी एका रुग्णाच्या रक्तातल्या अशा पेशींचं वर्णन प्रसिद्ध केलं. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की बिघाड हिमोग्लोबिनमध्येच आहे. तो जन्मतः येतो. शिवल्याने, उष्टं खाल्ल्याने किंवा करणीने होत नाही.

आई किंवा बाप, एकाकडूनच बिघाड आला तर मूल ‘वाहक’ (एएस) होतं. त्याला सहसा त्रास नसतो. दोघांकडून आला तर मूल ‘ग्रस्त’ (एसएस) होतं. म्हणजे “सुनेच्या माहेरचा आजार” हे बोलणं खोटं आहे.

नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर दर गरोदरपणात ग्रस्त मूल होण्याची शक्यता चारात एक. “पहिलं आजारी झालं, आता पुढची तीन चांगली होतील,” असं काही बायका म्हणतात. तसं नसतं. हिशोब दर खेपेला नव्याने सुरू होतो.

घरी काय करायचं?
• मुलाला दिवसभर पाणी पाजत राहा. शाळेत बाटली द्या, बाईंना सांगून ठेवा.
• थंडीपासून जपा. उन्हात फार पळवू नका.
• फॉलिक ॲसिड, हायड्रॉक्सियुरिया डॉक्टरांनी दिलं असेल तर मनाने बंद करू नका.
• रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या स्वतःहून देऊ नका.
• लसी चुकवू नका.
• ताप, छातीत दुखणं, धाप, अचानक पांढरं पडणं, पोट फुगणं, एका अंगाची शक्ती जाणं : लगेच दवाखाना. सकाळची वाट पाहू नका.

आता आपलं काम
२०२३ पासून देशात सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे. तपासणीसाठी आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. लग्न ठरवताना पत्रिकेआधी दोघांच्या रक्ताचा रिपोर्ट पाहा. गरोदर बाईने आणि तिच्या नवऱ्यानेही लवकर तपासून घ्यावं.

बैठकीत चर्चा करा : आपल्या गटात किती जणींच्या घरी सगळ्यांची तपासणी झाली आहे? दुखणं उठलं तर रात्री दवाखान्यात जायला गाडी कोणाची, आणि गटातून तातडीचे पैसे कसे द्यायचे? ठरेल ते ठराव वहीत लिहा.