किरकिर केबलची, भुर्दंड मीटरला

माझ्याकडे वडिलांची 1986 सालची पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली, 1089 सीसीची, गिअर स्टिअरिंगला असलेली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली तेव्हा सगळीकडे फोटो झळकले आणि आमच्या सोसायटीतली मुलंही आमच्या गाडीला टेकून फोटो काढून गेली. त्याच थंडीत तिला किरकिर लागली.

सकाळी गाडी काढली की डॅशबोर्डाच्या मागे रातकिडा बसल्यासारखा आवाज यायचा. वेग वाढला की किर्रकिर्र वाढायची, सिग्नलला थांबलो की गप्प. कात्रजचा घाट चढेपर्यंत गाडी तापायची आणि आवाजही बंद व्हायचा. आवाज चाकांच्या गतीशी बांधलेला, थंडीत जास्त, उबेत कमी. स्पीडोमीटरची केबल कोरडी पडल्याची याहून स्वच्छ खूण नसते. निदान माझं बरोबर होतं, घोळ औषधात झाला.

मागच्या सीटवरून आई म्हणाली, "अरे, मशिनला घालतो तसं तेल घाल की त्याला!" आमच्या घरी तिचं शिलाई मशिन अजून चालतं, चोचीची तेलाची कुपीही आहे. मी डॅशबोर्डामागे हात घालून केबलचं वरचं नट सोडवलं, केबल ओढून घेतली आणि अर्धी कुपी तिच्यात रिकामी केली. नट परत आवळलं. आवाज गेला. दहा दिवस मी ज्याला त्याला सांगत होतो की मेकॅनिकला उगाच पैसे देऊ नका.

अकराव्या दिवशी खेड शिवापूरच्या टोलनाक्याच्या रांगेत आम्ही एका एसटीमागे रांगत होतो. काटा नव्वदवर! थरथरला, साठवर आला, पुन्हा नव्वद. आई पुढे वाकून बघत म्हणाली, "हळू चालव रे, घाई काय आहे?" नाक्यावर गाडी थांबली तरी काटा वीसच्या खाली उतरेना.

असं का झालं, हे समजून घ्यायला मीटरच्या पोटात डोकवावं लागतं. ही रचना जर्मनीतल्या ओटो शुल्झे यांनी 1902 साली पेटंट केली आणि काट्याच्या गाड्यांमध्ये पुढं शंभरेक वर्षं तीच चालली. गिअरबॉक्सच्या शेपटीतून एक लहान गिअर केबलची आतली तार फिरवतो. ही तार म्हणजे बारीक पोलादी तारांचे एकावर एक उलटसुलट पीळ, दोन्ही टोकं चौकोनी. वरचं टोक मीटरमध्ये एका लोहचुंबकाला फिरवतं. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची पातळ वाटी असते आणि काटा त्या वाटीला जोडलेला असतो. गंमत अशी की चुंबक आणि वाटी एकमेकांना शिवत नाहीत. चुंबक फिरला की वाटीच्या पत्र्यात विजेचे भोवरे उठतात, ते वाटीला ओढतात, आणि केसाएवढी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचून धरते. या ओढाताणीत काटा जिथं थांबतो तो आपला वेग. म्हणजे सगळा हिशोब त्या दोघांमधल्या रिकाम्या फटीवर चालतो. त्या फटीत तेल शिरलं की चुंबक वाटीला नुसता ओढत नाही, चिकटून फरफटत नेतो. मग गाडी पंधराच्या वेगात असो, काटा नव्वद सांगणार.

आणि तेल तिथं पोचवायचं काम केबल स्वतः करते. पीळ घातलेली तार नळीत फिरते तेव्हा ती स्क्रूसारखं तेल पुढं ढकलते. काही गाड्यांत तर गिअरबॉक्सजवळचं ऑइल सील गेलं की गिअर ऑइलसुद्धा असंच चढत मीटरपर्यंत येतं. मी तर वरूनच अर्धी कुपी ओतली होती.

इथं थांबलो असतो तर निभावलं असतं. पण मी मीटर काढला, रिंग उचकटून काच वेगळी केली आणि कापसाची काडी पेट्रोलमध्ये बुडवून आत घातली. तबकडीवरचा चाळीसचा आकडा काडीवर उतरून आला. दुसऱ्या काडीत ती केसाएवढी स्प्रिंग अडकली. हलक्या हातानं सोडवली असं मला वाटलं.

ज्यांच्याकडे शेवटी गेलो ते मीटरवाले चाचा पूर्वी रिक्षांचे मीटर दुरुस्त करायचे. रिक्षाचे जुने यांत्रिक मीटरही केबलवरच फिरायचे, त्यामुळे तेलात बुडालेले मीटर त्यांनी ढिगानं पाहिलेत. त्यांनी भिंग लावलं, स्प्रिंगकडे पाहिलं आणि विचारलं, "साहेब, तेल घालणारा आणि उघडणारा एकच माणूस का?" मी हो म्हणालो. "मग बरं. दोन ठिकाणी भांडायला नको."

मीटरला तीन आठवडे लागले. केबलचं काम मात्र त्यांनी माझ्यासमोर अर्ध्या तासात केलं. तेच सांगतो, कारण तेवढंच मी पहिल्या दिवशी करायला हवं होतं.

डॅशबोर्डामागे हात घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची. तिथं उघड्या वायरी असतात आणि केबलचं टोक लोखंडी. मग दोन्हीकडची नटं सोडवून केबल बाहेर घ्यायची आणि आतली तार अख्खी उपसून काढायची. नळीत नुसतं वरून काही ओतायचं नाही, कारण जुनं वाळलेलं ग्रीस आणि धूळ तशीच राहते. तार रॉकेलमध्ये धुऊन कोरडी पुसायची. पुसताना फडकं कुठं अडकलं तर तिथं एखादी तार तुटून वर आली आहे. अशी तार फेकून द्यायची, कारण ती नळीला आतून किसत राहते. फडकं अडकलं नाही तरी एक परीक्षा उरते. तारेची दोन टोकं दोन हातांत धरून तिला झोळीसारखी लोंबू द्यायची आणि एक टोक बोटांत हळूहळू फिरवायचं. चांगली तार गुपचूप फिरते. वाकलेली असेल तर दर फेऱ्याला मासळीसारखी उसळी मारते. धावत्या गाडीत काटा हेलकावे खातो तो याच उसळीमुळं.

ग्रीस किती, हा खरा मुद्दा. पातळ ग्रीस बोटाला घेऊन तारेवरून एकदा ओढायचं. घावनाच्या तव्याला कांद्याच्या फोडीनं तेल पुसतात, तेवढंच. मीटरकडचा वरचा वीसेक सेंटीमीटर भाग कोरडाच ठेवायचा. चालता चालता ग्रीस तिथं आपोआप पोचतं. इंजिन ऑइल नको, शिलाईचं तर मुळीच नको, आणि गंज सोडवायचा फवाराही नको. तो चार दिवसांत उडून जातो आणि किरकिर परत येते.

केबल परत बसवताना माझ्या गाडीतलं दुसरं दुखणं सापडलं. मागं कधीतरी टेप बसवणाऱ्यानं केबल वायरींच्या जुडग्याबरोबर करकचून बांधली होती आणि मीटरमागे तिला जवळजवळ काटकोनात वळवलं होतं. मीटरमधून बाहेर पडताना पहिले पाचेक सेंटीमीटर केबल सरळ हवी, आणि पुढचं वळण जेवणाच्या ताटाच्या कडेइतकं तरी मोठं. ते मोकळं केलं नसतं तर कितीही ग्रीस लावून आवाज महिनाभरात परत आलाच असता.

हे सगळं करूनही आवाज राहिला तर दोष मीटरच्या बुशात असू शकतो. ते ओळखायला केबल मीटरपासून सोडवा, टोकावर रबरी नळीचा तुकडा चढवून ती वायरींपासून दूर बांधा आणि बॅटरी पुन्हा जोडून गल्लीत एक चक्कर मारा. आवाज येतोच तर केबल, थांबला तर बहुधा मीटर. काही जण गाडी जॅकवर उचलून चाकं फिरवून बघतात. मागची दोन्ही चाकं घोडीवर आणि पुढच्या चाकांना दगड असल्याशिवाय ते करू नका, आणि चाकं फिरत असताना गाडीखाली डोकं घालू नका. एवढ्यासाठी नाहीच केलं तरी चालतं.

नवी केबल घ्यायची झाली तर जुनी बरोबर न्या. नाना पेठेत एका दुकानात मला मिळाली ती वरकरणी तीच, पण आतली तार नळीच्या बाहेर बोटाच्या पेराएवढी जास्त आलेली. सेंटीमीटरभर बाहेर आली तर ठीक. त्याहून लांब तार मीटरमधल्या चुंबकाला खालून सतत ढोसत राहते आणि बूश खाते. ती मी परत केली.

म्हणून डिकीत, स्टेपनीच्या मागे, जुनी तार कागदात गुंडाळून ठेवली आहे. मापाला उपयोगी पडते. आईची तेलाची कुपी मात्र आता तिच्या मशिनच्या खणात कुलपात असते, आणि किल्ली तिच्याकडे.