शिकवलेल्या मुलांना पुन्हा भेटावं का?

प्रश्न : संडे स्कूल आणि तरुण संघात मी शिकवलेली मुलं आता मुंबई-पुण्यात नोकरी करतात. काहींनी उपासना सोडली आहे. त्यांना भेटावं का?
– एक वाचक, संगमेश्वर

उत्तर : जरूर भेटा. ‘प्रेषितांची कृत्ये’च्या 15व्या अध्यायात पौलही पूर्वी शिकवलेल्या बांधवांची विचारपूस करायला पुन्हा जाण्याचं ठरवतो. नाताळात किंवा मे महिन्यात मुलं गावी आली की आधी फोन करून घरी जा. नोकरी, बिऱ्हाड, आईवडील यांची चौकशी करा. चर्चचा विषय त्यांना काढू द्या. शंका शांतपणे ऐका. आपल्याच जिल्ह्यात जन्मलेले नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मात्र काही वर्षांनी, स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. श्रद्धेला वेळ द्या, संबंध मात्र तोडू नका.