खडीत चकाकणारे दाणे कसले?

प्रश्न : आमच्या घराचं बांधकाम सुरू आहे. क्रशरवरून आलेल्या खडीत पांढऱ्या गारगोटीचे तुकडे आहेत आणि त्यांत पिवळे, चकाकणारे दाणे दिसतात. काही चंदेरी, काही काळेही आहेत. गवंडी सोनं म्हणतो, शेजारी अभ्रक म्हणतात. घरच्या घरी ओळखता येईल का?
– एक वाचक, पवनी, जि. भंडारा

उत्तर : बऱ्यापैकी येईल. पण आधी हे दाणे दगडातलेच आहेत ना, एवढं पाहून घ्या. क्रशरचे जबडे मँगेनीज पोलादाचे असतात. दगड भरडताना तेही झिजतात आणि त्यांचे कपचे खडीत येतात. लोखंड म्हणून आपण चुंबक फिरवतो, पण सुमारे १२ टक्के मँगेनीज असलेलं हे पोलाद चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही. म्हणून भिंग घ्या. दाणा दगडात चहूबाजूंनी रुतलेला असेल तर तो खनिजाचा. सुटा, कडा वळलेला, पक्कडीत दाबल्यावर न फुटता वाकणारा चंदेरी कपचा बहुधा यंत्राचा समजावा.

आता पिवळे दाणे. रंगावर विसंबू नका, चकाकीवर तर मुळीच नको. दाणा सावलीत धरून हळूहळू फिरवा. अभ्रक आणि पायराइट (सोन्यासारखं दिसणारं लोह-गंधकाचं खनिज) ठरावीक कोनातच चमकतात, कोन बदलला की विझतात. सोनं सावलीतही सगळीकडून सारखंच पिवळं दिसतं. मग भिंगाखाली सुईचं टोक दाबा. अभ्रकाचा पापुद्रा सुटतो, सोन्याला खळगा पडतो, पायराइटवर सुई नुसती घसरते. सुईनं ओरखडा उठला, भुकटी पडली आणि पिवळा रंग अधिक गडद असून त्यावर मोरपंखी झाक असली, तर ते तांब्याचं खनिज, कॅल्कोपायराइट. चंद्रपूर जिल्ह्यात ठाणेवासनाला याचे साठे आहेत.

सगळ्यांत भरवशाची परीक्षा कसाची. चिनीमातीच्या पांढऱ्या कपाच्या बुडाला बिनचकाकीची खरखरीत कड असते. तिच्यावर दाणा जोर देऊन घासा आणि उमटलेल्या रेघेचा रंग पाहा. सराफ कसोटीवर सोनं घासतो ते याच तत्त्वावर, कारण भुकटीचा रंग वरच्या चकाकीसारखा फसवत नाही. सोन्याची रेघ सोनेरीच येते. पायराइट आणि कॅल्कोपायराइट बाहेरून कितीही पिवळे असले तरी त्यांची रेघ हिरवट काळी येते. अभ्रकाची पांढुरकी, जेमतेम दिसेल अशी.

गारगोटी न चिकटलेला, दोनेक ग्रॅमचा निखळ तुकडा मिळाला तर वजनही बोलतं. सराफाच्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. तुकडा दोऱ्यानं पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला टेकणार नाही असा धरा. २ ग्रॅम पायराइटमुळे काटा सुमारे ०.४० ग्रॅमनं चढेल, तेवढ्याच शुद्ध सोन्यामुळे फक्त ०.१० ग्रॅमनं. तुकड्याचं वजन या वाढीनं भागलं की त्याची घनता मिळते : पायराइटची ५, सोन्याची १९.३. दाणे मोहरीएवढेच असतील तर या खटपटीत पडू नका. कस पुरेसा आहे.

काळ्या दाण्यांचं काम सोपं. चुंबकाला झेप घेऊन चिकटला आणि रेघ काळी, तर मॅग्नेटाइट. रेघ लालसर तपकिरी, तर हेमॅटाइट. हात काजळासारखे काळे करणारा मऊ दाणा मँगेनीजचा असू शकतो. तुमच्याच जिल्ह्यात डोंगरी बुजुर्गची मँगेनीजची खाण आहे, तेव्हा त्यात नवल नाही. चंदेरी दाणा घनाकृती फुटत असेल, मऊ आणि चांगलाच जड असेल, तर गॅलेना. त्यात शिसं असतं, हात साबणानं धुवा.

एक कळकळीची विनंती. ओळख पटवण्यासाठी दगड कोरडा कुटू नका, गारगोटीची धूळ फुप्फुसं कायमची निकामी करते. दाणे तापवूनही पाहू नका. पायराइटमधून गंधकाचा विषारी वायू निघतो, आणि चंदेरी दाण्यांत आर्सेनोपायराइट असलं तर आर्सेनिकची वाफ.

पक्कं उत्तर हवं असेल तर भुकटी नव्हे, मुठीएवढा अखंड दगड प्रयोगशाळेला द्या, आणि तो कोणत्या खाणीतला ते क्रशरवाल्याला विचारून सोबत लिहा. भरडलेल्या दाण्याचे शेजारी हरवलेले असतात. तो कोणत्या शिरेत, कोणत्या खनिजांसोबत वाढला हे अखंड दगडच सांगतो. तिथे दगडाचा काप आरशासारखा घासून परावर्तित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, शंका उरली तर क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासतात. राज्याच्या भूविज्ञान व खनिकर्म संचालनालयाचं मुख्य कार्यालय तुमच्यापासून जवळ, नागपुरातच आहे.

सोन्यापेक्षा मला तुमच्या स्लॅबची काळजी जास्त वाटते. पायराइटला हवा आणि ओल मिळाली की तो गंजतो, त्यातून सल्फेट तयार होतं, काँक्रीट फुगतं आणि तडकतं. त्याचा भाऊबंद पिरोटाइट, हा चुंबकाला थोडाफार ओढला जातो, त्याहून घातक. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात एका खाणीच्या पिरोटाइटयुक्त खडीमुळे हजारो घरांचे पाये खिळखिळे झाले, तेही घरं बांधून कित्येक वर्षं लोटल्यावर. तेव्हा पिवळ्या दाण्यांची रेघ हिरवट काळी आली आणि असे दाणे बऱ्याच तुकड्यांत दिसले, तर ती खडी बाजूला काढा आणि इंजिनिअरनं तपासल्याशिवाय पायात किंवा स्लॅबमध्ये घालू नका.