हाताने शिकायचा इतिहास

प्रश्न : आम्ही गुरुग्रामला राहतो. मुलं 7 आणि 10 वर्षांची. संग्रहालयात लगेच कंटाळतात. काय करावं?

उत्तर : दिल्लीत जनपथावरच्या राष्ट्रीय संग्रहालयात न्या, पण सगळी दालनं एका दिवसात उरकू नका. हडप्पा दालनात मोहेंजोदडोच्या नर्तिकेची मूर्ती मुलांनाच शोधू द्या. उंची जेमतेम 10.5 सेंटिमीटर! मग मुद्रा दाखवा. मुद्रेवरची चिन्हं उलटी कोरलेली असतात, म्हणून ओल्या मातीवर ठसा सुलट उमटतो. घरी आल्यावर साबणाच्या वडीवर मुलांना आपलं नाव असंच उलटं कोरू द्या आणि मळलेल्या कणकेवर ठसा उठवा. एक अक्षर कोरताना किती जपावं लागतं, हे कळलं की त्या कारागिरांचं मोल समजेल. सोमवारी संग्रहालय बंद असतं. रविवारी सकाळीच निघा.