लाल डब्याचा फोटो कसा काढावा?

मित्रांनो, हसू नका, पण आपला पनवेल एसटी स्टँड म्हणजे फोटोवाल्यांसाठी खजिनाच आहे. पुण्याच्या आणि कोकणाच्या, दोन्हीकडच्या गाड्या इथे शिरतात.

आधी नंबरप्लेट वाचा. एमएच १४ असेल तर बॉडी बहुधा दापोडीच्या वर्कशॉपमधली, एमएच २० चिकलठाण्याची, एमएच ४० नागपूरची. जुनी बॉडी अ‍ॅल्युमिनियमची, पत्र्यावर रिव्हेटच्या रांगा, नवी स्टीलची.

आता फोटो. सकाळचं तिरपं ऊन पकडा, रिव्हेट उठून दिसतात. गाडीचं तोंड आणि दाराची बाजू एकाच फ्रेममध्ये येईल असं कोपऱ्याला उभं राहा. डिजिटल कॅमेऱ्यात लाल रंग पटकन भडक होतो, म्हणून एक्स्पोजर थोडं कमी ठेवा. नव्या गाडीचा एलईडी बोर्ड अर्धाच येत असेल तर शटर १/१०० पेक्षा हळू करा. जुन्या रंगवलेल्या पाटीला ही कटकटच नाही!

घाई कशाला म्हणाल, तर १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांचं, एसटीसकट, रजिस्ट्रेशन १ एप्रिल २०२३ पासून रिन्यू होत नाही. त्या थेट भंगारात. शिवनेरी काय, पुढच्या सेमिस्टरलाही मिळेल. रिव्हेटवाली आधी टिपा.