बीपीवर कोणता राग?

प्रश्न : आमच्या ह्यांची गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली. डोंबिवली-सीएसएमटी रोजची धावपळ चालूच आहे. सोसायटीच्या ग्रुपवर ‘अमुक राग ऐका, बीपी उतरेल’ असा तक्ता फिरतोय. यात खरं किती? ऐकायचं तर काय ऐकायचं?
– एक वाचक, डोंबिवली (पूर्व)

उत्तर : ताई, तो तक्ता मलाही आला. तीनदा आला आणि तिन्ही वेळा बीपीसमोर निराळाच राग होता! मालकंस सकाळी एक, रात्री एक असं काही नसतं. हृदय पाहतं ते लयीकडे.

इटलीतल्या पाविया इथले लुचियानो बर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २४ जणांना सहा तऱ्हांचं संगीत ऐकवलं. निम्मे वादक, निम्मे तुमच्याआमच्यासारखे. सहांत आपलं रागसंगीतही होतं. २००६ साली निष्कर्ष छापून आले. लय चढली की श्वास, नाडी आणि रक्तदाब चढतात. संथ संगीतानं शरीर निवतं. पण खरी गंमत पुढेच आहे. मध्येच त्यांनी दोन मिनिटं संगीत बंद ठेवलं होतं. त्या शांततेत नाडी आणि रक्तदाब, संगीत सुरू होण्याआधी होते त्याहूनही खाली गेले. म्हणून विलंबित ख्याल ऐकून झाल्यावर लगेच पुढची क्लिप, तीही जाहिरातीसकट, लागू देऊ नका. फोन उलटा ठेवून दोन मिनिटं नुसतं बसायचं. आणि बडा ख्याल ऐकून जीव शांत झाल्यावर मागून येणारा द्रुत तराणा ठोके पुन्हा वाढवू शकतो, हेही ध्यानात असू द्या. त्याचा आनंद वेगळा, तो घ्यावाच. फक्त झोपण्यापूर्वी नको.

हे होतं कसं? श्वास सोडताना नाडी किंचित मंदावते, घेताना वाढते. मनगटावर बोटं ठेवून बघा, अनेकांना जाणवतं. उच्छ्वास लांबला की हृदयाला मंदावायला जास्त वेळ मिळतो. याच बर्नार्दींनी २००१ साली दाखवलं होतं की जपमाळेची लॅटिन प्रार्थना म्हणा किंवा ‘ॐ मणिपद्मे’चा जप करा, श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा जास्त तत्पर होते.

म्हणजे ऐकण्याइतकंच, कदाचित जास्तच, गाणं कामाचं. २०१३ साली स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधकांना एकत्र गाणाऱ्या मुलांच्या हृदयाचे ठोके बरोबरीनं कमीजास्त होताना दिसले. कारण सोपं आहे : ओळ एक, म्हणून श्वासही एकाच जागी. आपल्या लोकलमधली भजनी मंडळं तेच करतात. बुवांनी ओळ टाकली की डबा ती उचलतो. शेजारी बसून डुलकी काढू पाहणाऱ्याला झांजांनी हृदयस्वास्थ्य लाभत असेल, असं मात्र मी म्हणणार नाही.

आता आवाजाचं. दिवा-मुंब्र्याच्या गर्दीत, गाडीच्या खडखडाटावर मात करायला लोक इअरफोनचा आवाज वाढवत नेतात आणि शांत संगीतही गोंगाट होऊन बसतं. ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास, याच्यापुढे जागतिक आरोग्य संघटना कानांना धोका मानते. गाडीत ऐकू येत नसेल तर बंद ठेवा. घरी आल्यावर वीस मिनिटं पुरेत. राग कोणताही, ह्यांना आवडणारा.

अपेक्षाही बेताचीच ठेवा. हृदयरुग्णांवरच्या २६ चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यात संगीतानं घबराट थोडी कमी झाली, वरचा रक्तदाबही थोडा उतरला. ‘थोडा’ हा शब्द महत्त्वाचा. गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडायच्या नाहीत. आणि छातीत दुखलं तर आधी हॉस्पिटल, भैरवी नंतर.

जमल्यास दोघं मिळून ठाण्याला गडकरी रंगायतन किंवा कल्याणला अत्रे रंगमंदिर गाठा, एखादी संथ मैफल पाहून. आणि ह्यांच्या गाडीला भजनाचा डबा असेल तर सांगा, त्यात शिरा. आवाज नाही म्हणाले, तरी ओळ सगळ्यांबरोबर शेवटपर्यंत ओढायची. गर्दीत सूर कोण तपासतो?