पाठ : ‘कशावरून?’

मुलांनो, सुट्टीत लंडन बघायला गेलात की गाईड भराभर माहिती सांगतो आणि आपण माना डोलावतो. या वेळी त्याला एक मराठी प्रश्न विचारायला शिकू : ‘कशावरून?’ म्हणजे, हे कसं कळलं? पुरावा काय?

१) वस्तू : व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडे वाघनखं आहेत. साताऱ्यात रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफ या इंग्रज अधिकाऱ्याने ती इंग्लंडला आणली. शिवाजी महाराजांनी अफझलखानाला मारलं ते हेच हत्यार, असं त्यांच्या पेटीवर लिहिलेलं आहे. कशावरून? पेटीवरचा मजकूर घटनेनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी लिहिला गेला. म्हणून म्युझियमच सांगतं की, ही तीच वाघनखं असल्याची खात्री देता येत नाही. २०२४ साली ती काही काळासाठी साताऱ्याच्या संग्रहालयात पाठवली गेली. तिथे लोकांनी ती प्रेमाने पाहिली. वाघनखं कुठलीही असोत, १६५९ सालचा प्रतापगडचा पराक्रम त्यांच्यावर अवलंबून नाही!

२) घर : लंडनमध्ये काही घरांवर गोल निळी पाटी दिसते. मेडा व्हेलमध्ये १०, हाउली प्लेस या घरावर लोकमान्य टिळकांची पाटी आहे. चिरोल खटल्यासाठी ते १९१८ साली इथे आले होते. प्रिमरोझ हिलजवळच्या १०, किंग हेन्रीज रोड या घरात डॉ. आंबेडकर १९२१-२२ साली राहिले. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने ते घर विकत घेतलं. आता तिथे त्यांचं स्मारक आहे.

३) गोष्ट : बेकर स्ट्रीटवर शेरलॉक होम्सचं ‘घर’ आहे. टोपी, पाइप, खुर्ची, सगळं जागच्या जागी! पण होम्स कधी जन्मलाच नाही. तो १८८७ साली गोष्टीत आला आणि हे म्युझियम १९९० साली उघडलं. मजा जरूर घ्या, पण टिळकांचं घर आणि होम्सचं घर यांतला फरक ओळखा.

भाषा : ‘वरून’ म्हणजे ‘च्या आधारे’.
आवाजावरून आजीला ओळखलं.
ढगांवरून पाऊस येणार हे कळलं.

शब्दार्थ : पुरावा – खरं ठरवण्याचा आधार. पराक्रम – शौर्याचं काम. स्मारक – आठवण जपणारी जागा.

घरचा अभ्यास :
१. ‘वरून’ वापरून तीन वाक्यं लिहा.
२. आपल्या घरातली एक जुनी वस्तू निवडा. ती कोणाची, कुठून आली, आणि ‘कशावरून?’ हे आजी-आजोबांना फोन करून विचारा. पाच ओळी लिहून आणा.

पालकांसाठी : म्युझियममधल्या वस्तू कधी कधी आत ठेवतात किंवा दुसरीकडे पाठवतात. निघण्याआधी चौकशी करावी. आणि मुलांनी आपल्यालाच ‘कशावरून?’ विचारलं तर रागावू नये. पाठ समजला, असं समजावं.